मिनीची पुढची सबफ्रेम घरच्या ड्राइव्हवेवर बदलली, आणि दोष निघाला भलतीकडेच

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंग्लंडमधलं, मिडलंड्समधल्या एका घराच्या ड्राइव्हवेवरचं. गाडी म्हणजे १९७९ ची मिनी १०००, ९९८ सीसीचं इंजिन, पुढं-मागं ड्रम ब्रेक, १० इंची चाकं. मालक आपलाच मराठी माणूस, नोकरीसाठी तिकडे गेला आणि तिकडचाच झाला. नाव-गाव सांगत नाही, इथे त्याला मालकच म्हणतो. मी यात मदतनीस होतो, म्हणजे पाने देणं, मापं लिहून घेणं आणि "थांब, घाई करू नको" म्हणणं ही कामं माझ्याकडे.

ज्यांनी मिनी खालून बघितली नाहीये त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९५९ मध्ये आलेल्या या गाडीत अॅलेक इसिगोनिसनं इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स इंजिनच्या खाली ऑइल संपमध्येच घातला (दोघांना एकच ऑइल) आणि तीन मीटरच्या आसपास लांबीच्या गाडीत चार माणसं बसवली. सस्पेन्शनला स्प्रिंगच नाहीत, रबराचे कोन आहेत, ते अॅलेक्स मोल्टनचं काम. आता रबराचा कोन आखूड, त्यामुळे चाकावर जेवढं वजन येतं त्याच्या कितीतरी पट जोर लिव्हरमधून त्या कोनावर येतो, आणि तो जोर थेट बॉडीच्या पत्र्यावर टाकला तर पत्रा चिरतो. म्हणून पुढं एक आणि मागं एक अशा वेगळ्या सबफ्रेम. पुढच्या सबफ्रेमवर इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही चाकांचे आर्म, टाय बार (खालच्या आर्मला पुढून धरणारा दांडा) सगळं बसतं, आणि ही फ्रेम बॉडीला तीन ठिकाणी धरलेली असते: वर फ्रेमचे दोन उभे टॉवर बल्कहेडच्या (इंजिन आणि केबिनमधली भिंत) क्रॉसमेंबरला, मागं पायाखालच्या फ्लोअरला, पुढं पुढच्या पॅनलच्या खालच्या भागाला. १९७६ पासूनच्या गाड्यांत या तिन्ही ठिकाणी मध्ये रबर आहे आणि टॉवरला एकेकच मोठा बोल्ट. त्याआधीच्या गाड्यांत फ्रेम रबराशिवाय थेट बॉडीला बसायची. पार्ट मागवताना हा फरक डोक्यात ठेवावाच लागतो, दिसायला दोन्ही फ्रेम सारख्याच.

अडचण कशी कळली

ब्रिटनमध्ये ४० वर्षांच्या वरच्या गाडीला, तिच्यात मोठे फेरबदल केलेले नसतील तर, दरवर्षीची एमओटी (गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का याची सक्तीची) तपासणी लागत नाही, मे २०१८ पासूनचा हा नियम. गाडी रस्त्यावर चालण्यालायक ठेवायची जबाबदारी मात्र मालकाचीच. या मालकाची सवय अशी की सूट असली तरी वर्षाआड गाडी तपासून घ्यायची, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय तोच, कारण तसं केलं नसतं तर हे कळलंच नसतं. तपासणाऱ्यानं डाव्या बाजूला पुढच्या माउंटजवळ (फ्रेम बॉडीला जोडणारा रबरी तुकडा) फ्रेमच्या कानाला, म्हणजे बोल्ट लागतो त्या पुढे आलेल्या पत्र्याला, टोकदार हातोडीनं टकटक केलं आणि हातोडी आत गेली. माउंटच्या ३० सेंटिमीटरच्या आत गंजून पत्रा गेला असेल तर तिथे गाडी नापास.

मिनीची मागची सबफ्रेम गंजते हे सगळ्यांना माहीत आहे. पुढची जास्त टिकते, कारण इंजिनचं ऑइल तिच्यावर गळत असतं आणि तेच तिला वाचवतं. पण ऑइल मागच्या भागावर येतं, पुढचे कान आणि पुढचा आडवा बार कोरडे राहतात आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ नेमकं तिथेच जाऊन बसतं. इथेही तसंच, मागचा भाग काळाकुट्ट पण धडधाकट आणि पुढचा डावा कान जाळीदार.

शिवाय जुनी तक्रार होतीच की गाडी हलकीशी डावीकडे ओढते आणि डावा टायर आतून जास्त झिजतो. मालकानं ते आजवर रस्त्याच्या उतारावर ढकललं होतं.

पर्याय

पहिला पर्याय, जुन्या फ्रेमचा कान कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. स्वस्त, फ्रेम उतरवायची गरज नाही. पण गंज बाहेरून दिसतो तेवढाच कधी नसतो, आणि कान ज्या बॉक्सला जोडलेला आहे तो बॉक्स आतून कसा आहे ते फ्रेम खाली आल्याशिवाय कळणार नव्हतं. आम्ही दोघंही याला नाही म्हणालो.

दुसरा, जुनी वापरलेली फ्रेम घेऊन, साफ करून, रंगवून लावायची. वाईट नाही, पण चाळीस वर्षांत ती फ्रेम कुठे कुठे आपटलीय कुणास ठाऊक. वाकलेली फ्रेम डोळ्याला सरळच दिसते.

तिसरा, नवी फ्रेम घेऊन गाडी मिनीच्या जाणकार गॅरेजला द्यायची. हा पर्याय चांगला होता पण मजुरी फ्रेमच्या किमतीच्या वर जात होती आणि नंबर लागायला उन्हाळा संपला असता.

चौथा, नवी फ्रेम घेऊन घरी बसवायची. मालकाकडे एएफ, म्हणजे इंचातल्या मापाचे पाने होते (या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट यूएनएफ या इंची आट्यांचे, मिलिमीटरचा पाना लावला की नट गोल होतो), ट्रॉली जॅक होता, चार दणकट घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) होत्या, इंजिनची क्रेन भाड्यानं मिळत होती. आणि मनापासून करायची इच्छा होती, ती पण मोजायला हवी. ठरलं, घरीच.

पहिला मोठा निर्णय: इंजिन वरून की खालून

इथे मतभेद झाला. मालकाचं म्हणणं, आधी इंजिन क्रेननं वरून काढू, मग रिकामी फ्रेम खाली घेऊ, एकेक वजन हाताळायला सोपं. माझं मत उलटं होतं: फ्रेम, इंजिन, चाकं सगळं एकत्र ठेवून बोल्ट सोडायचे, आणि बॉडी वर उचलून तो सगळा संच खालून पुढे ओढून घ्यायचा. कारण या गाडीची बॉडी हलकी आहे, अख्खी गाडीच साडेसहाशे किलोच्या आसपास. वरून इंजिन काढायचं तर रेडिएटरच्या बाजूच्या इंजिन माउंटचे बोल्ट खाली अडचणीत हात घालून सोडायचे, ड्राइव्हशाफ्ट सुटे करायचे, इंजिन तिरकं करत काढायचं, आणि परत बसवताना हे सगळं उलटं. खालून काढलं तर इंजिन माउंट बाहेर, उजेडात, उभं राहून सोडता येतात.

खालच्या पद्धतीचा धोका वेगळा आहे आणि तो मोठा आहे. बॉडी उंच, तिच्याखाली माणूस वाकलेला, आणि क्रेनच्या हायड्रॉलिकवर विसंबून कुणीही खाली जायचं नसतं. म्हणून असं ठरलं की क्रेननं फक्त उचलायचं, उचललं की लगेच फ्लोअरखाली, मागच्या माउंटच्या थोडं मागं, आडवं जाड लाकूड आणि दोन्हीकडे घोड्या, मग मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, आणि बॉडी हातानं हलवून बघितल्याशिवाय कुणी खाली वाकायचं नाही. वहिनींनी अट घातली की बॉडी उंच असताना मुलं घरात, दार बंद, आणि ती अट शेवटपर्यंत पाळली गेली.

उतरवणं

बॉनेट काढलं, बूटमधली (डिकीतली) बॅटरी सुटी केली, कूलंट आणि ऑइल काढलं, मग कार्ब्युरेटर, चोक आणि अॅक्सिलरेटरच्या केबल, हीटरचे पाइप, स्पीडोची केबल, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, स्टार्टरची वायर, वरचा इंजिन स्टेडी बार, एक्झॉस्टचा क्लॅम्प. प्रत्येक गोष्ट सोडायच्या आधी फोटो आणि प्रत्येक बोल्टची वेगळी पिशवी, पिशवीवर मराठीत नाव. इंजिनच्या अर्थच्या (अर्थिंगच्या) पट्टीला लाल चिकटपट्टी लावून ठेवली, कारण ती परत लावायची राहिली तर स्टार्टरचा सगळा करंट चोक नाहीतर अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जायला बघतो आणि केबल तापून जळते.

खालून गिअरच्या रॉडच्या रोल पिना ठोकून काढाव्या लागतात, एक्झॉस्टच्या शेजारी, हात धड हलत नाही अशा जागी. त्यात बराच वेळ गेला. स्टीअरिंगचे ट्रॅक रॉड एंड सुटे केले, रॅक बॉडीवरच राहिला, ब्रेकचे होज सोडून तोंडं बंद केली, शॉक अॅब्सॉर्बर वरून सोडले.

टॉवरचे दोन मोठे बोल्ट. ड्रायव्हरच्या बाजूचा ब्रेक-क्लचच्या मास्टर सिलिंडरच्या गर्दीत, तिथे पाना सरळ बसायला जागा कमी. दोन्हींवर आदल्या आठवड्यापासून रोज पेनिट्रेटिंग ऑइल मारलेलं, त्यामुळे कुरकुर करत का होईना पण निघाले. मागच्या माउंटचा एक बोल्ट मात्र तुटला. ड्रिलनं दांडा काढून आटे परत पाडले, त्याला एक अख्खी दुपार गेली. हे धरूनच चालायचं, एवढ्या जुन्या गाडीत एक बोल्ट तरी तुटतोच.

मग बॉडी वर. रॉकर कव्हर (इंजिनचं वरचं झाकण) पुढच्या पॅनलच्या खालून निघेल एवढी उंच करावी लागते, आणि ती उंची प्रत्यक्षात बघितली की वाटतं त्यापेक्षा बरीच जास्त असते. संच दोनच चाकांवर असल्यानं पुढं-मागं कलंडतो, म्हणून गिअरबॉक्सच्या खाली लाकडाचा तुकडा आणि ट्रॉली जॅक ठेवून, एकानं जॅक धरायचा, एकानं ओढायचं. निघाला छान.

जुनी फ्रेम रिकामी करणं

रबराचे कोन सैल पडल्यासारखे दिसतात पण फ्रेमवर असताना त्यांच्यात जोर भरलेला असतो. टॉवरच्या वरच्या भोकातून कॉम्प्रेसर टूल घालून कोन थोडा दाबायचा, मग नकल जॉइंट आणि ट्रम्पेट (आर्मचा जोर कोनापर्यंत नेणारे भाग) मोकळा होतो. या टूलचे आटे दोन प्रकारचे येतात, जुन्या कोनाला यूएनएफ आणि नंतरच्याला मेट्रिक, आणि चुकीचा आटा बळेबळे फिरवला तर टूल दाब आल्यावर सुटतं आणि हाताचं वाटोळं होतं. आटे हातानं पूर्ण बसतात की नाही बघूनच पाना लावायचा.

वरच्या आर्मच्या शाफ्ट झिजलेल्या निघाल्या, बेअरिंगसकट बदलल्या. नकल जॉइंट, खालच्या आर्मचे रबर, टाय बारचे रबर, कोन, सगळं नवीन घातलं. इंजिन हाताशी आहे म्हणून गिअर शाफ्टचं ऑइल सील आणि हेड आणि वॉटर पंपाच्या मधला तो बोटभर बायपास होज पण बदलला, हा होज गाडीत इंजिन असताना बदलणं म्हणजे शिक्षा आहे. पुढचे गंजलेले ब्रेक पाइप कुनिफरचे (तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे) करून घेतले. क्लच बदलायचा मोह झाला होता पण क्लच ठीक होता आणि तो इंजिन गाडीत असतानाही करता येतो, म्हणून राहू दिला. मला हा निर्णय पटला. अशा कामात 'आता उघडलंच आहे तर' म्हणत यादी वाढत जाते आणि गाडी वर्षभर स्टँडवर राहते.

रबरी माउंटऐवजी कडक, रबर नसलेले माउंट लावावेत असं काही जणांनी सुचवलं होतं. त्यानं स्टीअरिंग नेमकं वाटतं पण इंजिनचा सगळा आवाज आणि थरथर बॉडीत येते. घरच्या माणसांना घेऊन फिरायची गाडी आहे, म्हणून नवीन रबरच.

इथे गाडं अडलं

नवी फ्रेम आली तेव्हा तिच्या आट्यांत रंग भरला होता, ते टॅप फिरवून साफ केलं. बाकी सगळं चढवून, इंजिन बसवून, संच बॉडीखाली नेला, बॉडी हळूहळू खाली घेतली. टॉवरचे दोन बोल्ट हातानं बसले. मागचे चारही लागले. पुढचा उजवा लागला. पुढचा डावा लागेना. फ्रेमचा कान आणि पॅनलवरच्या माउंटचं भोक यात बोटाला लागेल एवढा फरक, नंतर मोजला तर ६ मिलिमीटर.

मालक वैतागला. "फ्रेमच वाकडी पाठवलीय रे त्यांनी, उद्या सकाळी फोन करतो." मी म्हणलं, "कर, पण आधी मोजू, म्हणजे बोलायला तोंड राहील."

जुनी रिकामी फ्रेम अजून टाकली नव्हती, हे नशीब. ती गॅरेजच्या सपाट फरशीवर ठेवली आणि टॉवरच्या भोकांपासून पुढच्या कानांपर्यंत तिरकी मापं घेतली, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे. मग तीच मापं गाडीखालच्या नव्या फ्रेमवर. इंजिन वर असल्यानं टेप सरळ जात नव्हता, म्हणून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या आणि खुणांमधलं अंतर मोजलं. जुन्याची आणि नव्याची मापं एकमेकांशी जुळली, फरक मिलिमीटरभर, तो तर ओळंब्याच्या दोऱ्यातसुद्धा जातो.

म्हणजे जुनी फ्रेम पण तिथे बसत नव्हती. मग ती चाळीस वर्षं लागलेली कशी? जुना डावा माउंट कचऱ्याच्या डब्यातून काढून बघितला तर त्याचं रबर एका बाजूला पूर्ण दबलेलं, दुसऱ्या बाजूला फाटलेलं, मधली नळी भोकाच्या कडेला टेकलेली, आणि सोबत दोन जादा वायसर. कुणीतरी पहार लावून बळेच बसवलं होतं.

आता बॉडी मोजली. क्रॉसमेंबरवरच्या टॉवरच्या भोकांपासून पुढच्या पॅनलच्या खालच्या भोकांपर्यंत: डावीकडचं अंतर उजवीकडच्यापेक्षा ६ मिलिमीटर जास्त. आतून बघितलं तर पॅनलच्या डाव्या खालच्या कडेला कंपनीच्या स्पॉट वेल्डऐवजी हातानं केलेल्या वेल्डचे ढेकूळ. आधीच्या मालकाच्या कागदांत पुढच्या भागाच्या दुरुस्तीचं एक बिल होतं, तपशील काहीच नाही. आमचा अंदाज असा की पुढचा पॅनल तेव्हा नवीन घातला, आणि घालताना तो सबफ्रेमला बोल्ट न करता नजरेनं जुळवून वेल्ड केला. मिनीचा पुढचा पॅनल बदलताना सबफ्रेम जागेवर ठेवून, माउंट लावून, मग वेल्ड करायचा असतो, फ्रेमच तिथे फर्म्याचं काम करते.

दुसरा मोठा निर्णय

रविवार संध्याकाळ, क्रेन सोमवारी परत द्यायची. समोर चार वाटा होत्या.

भोक कानसून लांबट करायचं. अर्ध्या तासाचं काम. पण नव्या फ्रेमचा कान कमजोर करायचा आणि तोच कान गंजून गेला म्हणून हा सगळा खटाटोप झाला होता. वॉरंटी पण जाते.

परत पहार लावून बळेच बसवायचं. आधीच्यानं तेच केलं होतं आणि माउंट फाटला. टाय बार पुढच्या भागाला धरलेला असतो, ब्रेक लावला की जोर तिथे येतो, आणि कायम ताणात बसलेला माउंट किती दिवस टिकणार.

जाड पट्टीचा आडॅप्टर करायचा. तात्पुरतं चाललं असतं. पण वाकडेपणा कायम राहतो आणि पुढच्या माणसाला परत कोडं.

चौथी वाट, पॅनलची डावी खालची कड सोडवून, फ्रेमला बोल्ट करून, परत वेल्ड करायची. यात रंग जळणार, वेल्डर बोलवावा लागणार, गाडी अजून काही आठवडे उभी राहणार.

मालक पहिल्या वाटेकडे झुकला होता, दमलेला होता, आणि मी त्याला दोष देत नाही. मी एवढंच म्हणलं की टॉवर आणि मागचे बोल्ट लागलेत, बॉडी फ्रेमवर चाकांवर उभी राहू शकते, क्रेन सोमवारी देऊन टाकू, आता निर्णय घ्यायची घाई नाहीये. यानं चित्र बदललं. क्रेनचं भाडं आणि पुढच्या माउंटचा प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, त्या एकत्र बांधल्या गेल्यामुळे भोक कानसायची पाळी आली होती.

रात्री त्याचा मेसेज आला, "वेल्डर शोधतो."

पुढचं काम

घरी येऊन काम करणारा एक बॉडीवाला मिळाला. बॅटरी सुटी होतीच, अल्टरनेटरची वायर काढली, इंजिनवर वेल्डिंगचं ब्लँकेट. मिनीची पेट्रोलची टाकी मागं बूटमध्ये, तेवढी एक काळजी कमी, तरी आग विझवायचं सिलिंडर हाताशी. त्यानं ढेकूळ घासून काढले, डाव्या विंगकडची (मडगार्डकडची) खालची कड सोडवली, आणि बोल्ट लावून हळूहळू आवळत पॅनलच मागं घेतला. माउंटचा बोल्ट हातानं आत-बाहेर व्हायला लागला तेव्हा क्लॅम्प करून वेल्डचे ठिपके मारले, उजवी-डावी परत मोजली आणि मग पूर्ण वेल्ड. नंतर प्राइमर, रंग, आतून मेणाचा फवारा.

मग सगळे माउंट परत सैल केले, आणि टॉवर, मग मागचे, मग पुढचे अशा क्रमानं बोल्ट टॉर्क रेंचनं आवळले. खालच्या आर्मचे आणि टाय बारचे नट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळले, नाहीतर रबर लटकलेल्या स्थितीत पिळून बसतं. ब्रेकमधली हवा काढली. अर्थची पट्टी लाल चिकटपट्टीमुळे विसरली गेली नाही.

निकाल

इंजिन लगेच सुरू झालं. पुढची चाकं नियमाप्रमाणे टो-आउट (चाकं पुढच्या बाजूला किंचित बाहेर वळलेली) १.६ मिलिमीटरवर लावून घेतली (मिनीचं माप टो-आउटचं आहे, टो-इन नाही, सांगितलं नाही तर टायरवाला सवयीनं टो-इन करून देतो). परत एमओटी केली, पास. डावीकडे ओढणं थांबलं. ब्रेक लावल्यावर नाक जरासं बाजूला जायचं तेही गेलं. रबराचे कोन नवीन असल्यानं गाडी पुढून उंच वाटते, हळूहळू बसतेय.

ओढणं नेमकं कशामुळे थांबलं ते मात्र आम्हाला सांगता येत नाही. टाय बारचे रबर, वरच्या आर्मच्या शाफ्ट, पॅनल, टो, सगळं एकदमच बदललं.

वेगळं काय करता आलं असतं

गाडी खोलायच्या आधी चाकांची पूर्ण भूमिती मोजून घ्यायला हवी होती, कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा पुढं-मागं कल), कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), टो, डावं-उजवं वेगळं. कॅस्टरमध्ये फरक दिसला असता तर पुढच्या पॅनलवर संशय आधीच गेला असता, आणि आता तुलनेला आकडे राहिले असते.

जुना माउंट काढल्या काढल्या नीट बघायला हवा होता. फाटलेलं रबर आणि जादा वायसर हे सगळं सांगत होते, पण जुना पार्ट म्हणून तो सरळ डब्यात गेला.

नव्या फ्रेमवर काहीही चढवायच्या आधी ती रिकामीच बॉडीखाली धरून सगळे बोल्ट हातानं लागतात का बघता आलं असतं. दोन माणसं रिकामी फ्रेम सहज उचलतात. तेव्हाच ६ मिलिमीटर कळले असते, वेल्डरला इंजिन नसलेल्या मोकळ्या जागेत काम करता आलं असतं आणि ब्लँकेटची गरजच नव्हती.

क्रेन शनिवार-रविवारऐवजी आठवड्याच्या भाड्यानं घ्यायला हवी होती, फरक फार नव्हता.

मागच्या सबफ्रेमचा नंबर पुढच्या उन्हाळ्यात आहे. तिथे मापं आधी घ्यायची ठरलंय, आणि नवी फ्रेम मागवायच्या आधी मागचे माउंट जिथे बसतात तो बूटखालचा पत्रा हातोडीनं तपासून घ्यायचा.